‘माय’ म्हणजे घेणं, ‘माय’ म्हणजे विकणं

गेल्या शनिवारी आमच्या सोप्यावर मासळीबाजार भरला होता. पाटावर पुठ्ठ्याचे बांगडे, सुपात पुठ्ठ्याचीच सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि ती राखत बसलेली माझी सहा वर्षांची भाची. डोक्यावर माझ्या जुन्या ओढणीची चुंबळ. समोर गिऱ्हाईक म्हणून शेजारच्या वहिनींचा मुलगा, वय साडेपाच, खिशात चिंचोके. चिंचोके हे आमचं चलन.

‘तुओ षाओ छ्येन?’ त्याने चिनीत विचारलं. म्हणजे, किती पैसे?

‘षर्.’ दहा.

‘थाय क्वेइ ल!’ फार महाग!

इथपर्यंत दोघंही फॉर्मात होती. सौदा सहा चिंचोक्यांवर ठरला, त्याने तीन बांगडे उचलले आणि ऐटीत म्हणाला, ‘माय!’ बाकीची पाचही पोरं एका सुरात किंचाळली, ‘विकलंस! तू विकलंस!’

झालं असं होतं की चिनी भाषेत खाली दबून मग जरा वर येणारा ‘माय’ म्हणजे विकत घेणं, आणि वरून धपकन पडणारा ‘माय’ म्हणजे विकणं. अक्षरं तीच, फरक फक्त सुराचा. गड्याने उत्साहाच्या भरात धपकन टाकला. आणि आमच्या बाजाराचा नियम असा की गिऱ्हाइकाने विकणारा ‘माय’ म्हटला तर त्याने आपल्या पिशवीतला माल पाटावर ठेवायचा. बिचाऱ्याचे आधीचे दोन बांगडेही गेले. त्याने रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होते, पीत राहिले.

हा नियम माझा नाही, पोरांचा. माझी अट एवढीच होती की मासे चिनी बोलूनच मिळतील. आधी मी ‘पुन्हा म्हण बघू’ म्हणायचे आणि पोरं पुन्हा तसंच चुकीचं म्हणायची. बांगडे जायला लागल्यापासून दोन-तीन शनिवारांत सूर जागेवर आले.

मी काही हाडाची शिक्षिका नाही. फोंडा तालुक्यात, मडकईच्या बाजूला आमचं घर. २०१२-१३ मध्ये एक वर्ष तैवानात ताइनान शहरात राहून चिनी शिकले. परत आल्यावर यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं दुभाष्याचं काम केलं. म्हणजे मुख्यतः ‘कंटेनर नेमका कुठे अडकलाय’ हे रोज नव्या नम्रतेने विचारणं. ते सुटलं. २०२३ च्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली, तिच्यामागून वाड्यावरची पोरं आली, आणि दुपारी त्यांचा कल्ला थोपवायला म्हणून मी जे सुरू केलं ते अजून चालू आहे. सात मुलं, वयं चार ते आठ, शनिवारी चाळीस मिनिटं. त्यापुढे एक मिनिट ताणलं की काम बिघडतं.

पहिल्या दिवशी मात्र मी शिक्षिका व्हायला गेले होते. फोंड्याहून चाळीस कार्डं छापून, लॅमिनेट करून आणली. एका बाजूला चित्र, दुसरीकडे शब्द. ‘हे काय?’ ‘फिंग-क्वो.’ सफरचंद. ‘आणि हे?’ सातव्या कार्डाला चार वर्षांच्या धाकट्याने विचारलं, ‘मावशी, पाणी पिऊन येऊ?’ आणि तो पाणी प्यायला स्वतःच्या घरी गेला. त्या दिवशी पुन्हा आला नाही तो आला नाहीच. कार्डं पुढे भातुकलीत ताटल्या म्हणून उपयोगी पडली. लॅमिनेट केल्यामुळे धुताही येतात.

दुसऱ्या शनिवारी हात रिकामे ठेवले. ‘लाओषर्’ म्हणजे गुरुजी किंवा बाई. ‘लाओषर् षुओ’, बाई म्हणतात. बाई म्हणतात ‘चान छी लाय’, की उठायचं. ‘चुओ श्या’, की बसायचं. ‘थ्याओ’, उडी. ‘फाओ’, पळा. आणि ‘बाई म्हणतात’ असं न म्हणता नुसतंच ‘थ्याओ’ म्हटलं आणि कुणी उडी मारली तर तो बाद. अर्थ एकदाही मराठीत सांगितला नाही, मीच उठून-बसून दाखवलं. वीस मिनिटांत सहा हुकूम सगळ्यांना कळायला लागले, माझी कंबर मात्र दोन दिवस बोलत होती. चार वर्षांचं मूल शब्द तोंडाने बोलायच्या कितीतरी आधी अंगाने बोलतं, हे मला ताइनानला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे आम्ही सगळे मोठे, वह्या घेऊन बसलेले.

ताइनानची एक गोष्ट मात्र कामाला आली. तिथल्या बागेत एकदा मुलं गोलात बसलेली दिसली, आणि एक मुलगी रुमाल घेऊन त्यांच्या पाठीमागून फिरत होती. मी जागच्या जागी थांबले. हे तर आपलं ‘मामाचं पत्र हरवलं’! तो खेळ इथे आणला तेव्हा शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मामा गेला, पत्र गेलं, फिरणारा आकडे मोजत फिरतो आणि रुमाल पडला की सगळे ‘फाओ! फाओ!’ म्हणून ओरडतात. दुसरा त्यांचा खेळ घारीचा. एक कोंबडी, तिच्यामागे एकमेकांचे सदरे धरलेली पिल्लांची रांग, आणि समोर घार. यात भाषा कमी आणि सदऱ्यांची शिलाई जास्त निघते, म्हणून तो हल्ली महिन्यातून एकदाच.

आता सुरांबद्दल. मोठी माणसं इथेच घाबरतात. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, चार सूर, शिवाय एक हलका, जवळजवळ बिनसुराचा. ‘मा’ पहिल्या सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात रागावणं. पुस्तकांत याचे आलेख काढलेले असतात. ते बघून मला शाळेतलं भूमितीचं पुस्तक आठवायचं.

पण सूर बदलून अर्थ बदलायचा धंदा आपण रोज करतो, फक्त एका ‘हं’वर. डॉक्टर घसा बघतात तेव्हाचा लांब, सपाट ‘आऽऽ’, तो पहिला. कुणी लांबून हाक मारली की वर जाणारा ‘हं?’, तो दुसरा. सहलीला जाऊ का विचारल्यावर आजीचा खाली दबलेला ‘हंऽऽ, बघू’, ज्याचा अर्थ नाही असा असतो, तो तिसरा. आणि ‘गप!’ म्हणतानाचा, तो चौथा. आमच्याकडे त्यांना नावंच पडली आहेत: डॉक्टर, हाक, आजी आणि नारळ. नारळ कारण तो वरून पडतो. ‘माय’ आजीचा की नारळाचा, असं सरळ विचारतात पोरं. घरात भजनाची पेटी आहे, तिच्यावर एक पट्टी धरून ठेवली की पहिला सूर पक्का होतो. वर-खाली घसरणारे मात्र पेटीवर निघत नाहीत, ते गळ्यानेच काढायचे. आमच्याकडे सप्त्याला भजनं ऐकत झोपलेली पोरं आहेत, त्यांना घसरणारा सूर नवा नाही.

एक गंमत पुस्तकात सापडते, पण पोरांना सांगायची गरज पडली नाही. दोन ‘आजी’ सूर लागोपाठ आले की पहिला बदलून ‘हाक’ होतो. ‘नी हाओ’ मध्ये दोन्ही तिसऱ्या सुरातले, पण तोंडातून निघताना ‘नी’ वर जातो. वर्गात हा नियम पाठ करायला मला आठवडा लागला होता. पोरांनी ऐकला तसा म्हटला, आणि संपलं.

उच्चारांबाबत माझं मत जरा ठाम आहे आणि त्यावरून मी दोन पालकांशी वाद घातला आहे. लहान मुलांना चिनी शिकवताना रोमन अक्षरं अजिबात दाखवू नयेत. चीनमध्ये १९५८ साली मंजूर झालेली फिनयिन ही रोमन पद्धत चांगलीच आहे, पण ती वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच इंग्रजी बसलेलं असेल तर घात करते. तिथे बी लिहिलेलं असतं तेव्हा आवाज ‘प’चा असतो, पी म्हणजे ‘फ’, डी म्हणजे ‘त’, टी म्हणजे ‘थ’, जी म्हणजे ‘क’. आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते ‘पेइ-चिंग’ आहे. इंग्रजी शाळेतली आमची आठ वर्षांची ताई घरी मोबाइलवर स्पेलिंग बघून आली आणि आठ या आकड्याला ‘बा’ म्हणायला लागली. ‘पा’ वर परत आणायला महिना गेला.

आणि इथे आपल्याकडे क-ख, त-थ, प-फ तयार आहेत! ताइनानला पहिल्या दिवशी फळ्यावर चू-यिन बघितली तेव्हा वर्गात मी एकटीच हसले होते. १९१८ मध्ये जाहीर झालेली ही उच्चार लिहायची ३७ चिन्हांची पद्धत तैवानमधली मुलं आजही शाळेत सुरुवातीला शिकतात. तिचा क्रम प, फ, म आणि इंग्रजी एफसारखा फ, मग त, थ, न, ल, मग क, ख, ह. आपली वर्णमाला घशापासून ओठांपर्यंत येते, ही ओठांपासून घशाकडे निघते. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना मी समजावायला गेले, त्यांना वाटलं मी कॉपी दाखवायला सांगतेय.

मराठीचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे च दोन आहेत, चहातला आणि चमच्यातला. चिनीत दोन्ही लागतात. ‘चुओ श्या’ मधला च चमच्यातला. शिवाय ज्याला आपण शाळेत पोटफोड्या म्हणून शिकलो आणि बोलताना कधीच विसरलो, तो ‘ष’ तिथे जिवंत आहे. जीभ वळवून म्हटलेला ‘ष’ वेगळा आणि ‘श्या’ मधला शहाळ्याचा ‘श’ वेगळा. खरं सांगायचं तर इथे माझाच पाय घसरतो. ताइनानकडे बरेच लोक जीभ वळवायचा कंटाळा करतात, चार आणि दहा हे आकडे जवळजवळ सारखेच म्हणतात, आणि तीच सवय मला लागली. भाची मला टोकते. ‘मावशी, चार म्हणालीस का दहा?’ चिंचोक्यांचा मामला असल्यामुळे ती सोडत नाही.

प आणि फ वेगळे पाडायला आम्ही शेवरीचा कापूस वापरतो. मे महिन्यात बोंडं फुटून तो अंगणभर उडतच असतो. तळहातावर चिमूट ठेवायची. ‘पा’ म्हटलं तर कापूस जागचा हलता कामा नये, ‘फा’ म्हटलं की उडाला पाहिजे. अट एकच, फ म्हणताना ओठ मिटले पाहिजेत, इंग्रजी एफसारखे दात लावायचे नाहीत. या खेळात धाकटा सगळ्यांना हरवतो. हो, तोच, पाणी प्यायला गेलेला. त्याची आई त्याला ओढून परत घेऊन आली होती, पण त्याच्याबद्दल नंतर.

आकड्यांवर फार लिहीत नाही, कारण ते फार सोपे आहेत. एक ते दहा आले की नव्याण्णवपर्यंत आलेच. अकरा म्हणजे दहा-एक, एकोणतीस म्हणजे दोन-दहा-नऊ. दुसरीतला मुलगा एका दुपारी शंभरच्या जवळ पोचला आणि मग त्याने विचारलं, ‘मग आपल्यात एकोणसाठ, एकोणसत्तर कशाला करून ठेवलंय?’ मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या शाळेतल्या बाईंना विचार म्हटलं. शिवाय चिनी लोक दहापर्यंत एकाच हातावर मोजतात. अंगठा आणि करंगळी ताठ केली की सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ, तर्जनीचा आकडा केला की नऊ. आता मैदानावर क्रिकेटचे रन या खुणांनी सांगतात, त्यामुळे दुसऱ्या वाड्यावरच्या टीमला स्कोअर कळत नाही.

मोजताना एक भानगड येते. चिनीत नुसते ‘तीन मासे’ म्हणता येत नाही, मध्ये मापाचा एक शब्द घालावा लागतो, जसं आपण माणसांना ‘तिघे जण’ म्हणतो. लांबट वस्तूंना, म्हणजे मासा, नदी, रस्ता, अगदी विजार सुद्धा, ‘थ्याओ’. ‘सान थ्याओ यू’, तीन मासे. उडी मारणं हेही ‘थ्याओ’, फक्त सूर निराळा: माशाचा ‘हाक’, उडीचा ‘नारळ’. मी हे समजावायच्या तयारीत होते तोवर भाची म्हणाली, ‘मासे उड्या मारतात म्हणून त्यांना थ्याओ म्हणतात.’ चूक आहे. पण तिने तो शब्द पुन्हा कधी विसरला नाही, आणि मीही दुरुस्त केलं नाही. मोठी होईल तेव्हा बघेल.

लिहिण्याबद्दल पालक पहिल्या दिवसापासून विचारत होते. वही मी आजतागायत काढलेली नाही. चीनमध्ये बागांतून म्हातारी माणसं भलामोठा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहितात आणि ती वाळून जातात. आमच्याकडे लाल सिमेंटची पडवी आहे. कुंचला नारळाच्या सोडणाचा. एक टोक दगडाने ठेचून मऊ केलं की झालं. मे महिन्यात पाण्याची रेघ मिनिटभरात उडते, त्यामुळे पहिली रेघ पुसायच्या आत शेवटची काढायची शर्यत लागते. चुकलेलंही उडून जातं, हा मोठाच फायदा. जून लागला की मात्र काहीच वाळत नाही. पडवीवर कालचा डोंगर, आजचं झाड आणि कुणाच्या तरी ओल्या चपला असं सगळं एकत्र दिसतं.

डोंगराच्या अक्षराला तीन सुळके असतात. पोरांना तो त्रिशूळ वाटला, चालेल. झाड एक काढलं तर झाड, दोन जवळजवळ काढली तर राई, तीन काढली तर अरण्य. झाडाला टेकलेला माणूस काढला तर विश्रांती. हे अक्षर त्या पडवीवर दुपारी आपोआप समजतं, आमचे काका तसेच पडलेले असतात.

सगळ्यात लाडकं अक्षर शेताचं. चौकोन आणि आत अधिकची खूण, फुली नव्हे. रेघांचा क्रम ठरलेला: आधी डावी बाजू, मग वरची आणि उजवी एका दमात, मग आतली आडवी, आतली उभी, आणि सगळ्यात शेवटी खालची. म्हणजे आधी कुंपण, मग आतलं काम, मग दार बंद. इतर ठिकाणी हा नियम घोकावा लागत असेल. आमची पोरं खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, कडेला वाढलेली. मी काही म्हणायच्या आत शेतकऱ्याघरचा एक जण म्हणाला, ‘म्हणजे आधी बांध, शेवटी मानस.’ मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, भरतीला बंद होतं आणि खारं पाणी आत येऊ देत नाही. आता खालची रेघ काढायची राहिली की सगळे ओरडतात, ‘मानस उघडी! पाणी शिरलं!’

‘चिनीच का?’ हा प्रश्न नियमाने येतो. बहिष्कारवाले विचारतात, सीमेवरचं बोलतात, मी ऐकून घेते. काकांचा आक्षेप वेगळा होता. ‘शिकवायचंच तर पोर्तुगीज शिकव, निदान पासपोर्टाला उपयोग.’ त्यांना मी मँडरिन हा शब्द कुठून आला ते सांगितलं. आपला मंत्री मलयात जाऊन ‘मेंतेरी’ झाला, तिथून पोर्तुगीजांनी उचलून ‘मांदारीं’ केला, चिनी अधिकाऱ्यांना ते नाव लावलं, आणि पुढे त्या अधिकाऱ्यांच्या भाषेला तेच चिकटलं. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘म्हणजे मंत्र्यांची भाषा. तरीच कुणाला कळत नाही.’

एका वडिलांना प्रमाणपत्र हवं होतं. मुलांसाठी वायसीटी नावाची परीक्षा आहे, तिच्या पहिल्या पातळीला ऐंशी शब्द लागतात. तेवढे शब्द आमच्यातल्या चौघांना सहज येतात. पण परीक्षा म्हटली की माझ्या सोप्यावर टेबल-खुर्ची येणार आणि बांगडे जाणार. आठ वर्षांच्या आत परीक्षा नको, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मुलाला काढलं नाही, पण माझ्याशी हल्ली कमी बोलतात.

मासळी घेऊन दारावर येणारी बाई मात्र आमच्या वर्गाची खरी परीक्षक. श्रावण संपल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा वहिनींचा तो साडेपाच वर्षांचा आईच्या मागे उभा होता. तिने बांगड्यांचा भाव सांगितला आणि हा मागून कडाडला, ‘थाय क्वेइ ल!’

‘कितें म्हणटा गे हें भुरगें?’

‘म्हारग म्हणटा,’ वहिनी कशाबशा म्हणाल्या.

‘मागीर चीनाक वचून हाड म्हण!’ मग चीनला जाऊन आण म्हणावं, असं म्हणत तिने टोपलीवर फडकं टाकलं. पण जाताना एक बांगडा वर घातला. त्याचं श्रेय कुणाला यावर अजून वाद आहे.

आता तो धाकटा. चार वर्षांचा, पाणी प्यायला घरी गेलेला. परत आल्यापासून तो दर शनिवारी येतो, कापूस उडवतो, हुकूम झाला की सगळ्यांच्या आधी उठतो-बसतो, पण तोंडातून एक चिनी शब्द नाही. तीन महिने नाही. मी ‘नी हाओ’ म्हटलं की तो माझ्याकडे खिडकीतून पाऊस बघावा तसं बघायचा. सुरुवातीला मी त्याला पुढे ओढायचा प्रयत्न केला. त्याने खांबाला मिठी मारली. मग सोडून दिलं. मधूनमधून वाटायचं, याला फक्त कापसासाठी यायचंय.

परवा देवळात त्याची आजी भेटली. मला बघून थांबली, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, ‘तू कितें शिकयतां गे त्याला? रोज संध्याकाळी मला पाटावर बसवतो आणि काहीतरी ओरडतो. मी उठले नाही तर रागावतो. उठले की परत बसायला सांगतो. काल सोळा वेळा केलं. त्यातही मी कुठेतरी चुकते म्हणे, बाद करतो मला.’

‘काय ओरडतो?’ मी विचारलं.

तिने आठवून, अगदी बरोबर सुरात, म्हणून दाखवलं. ‘चान छी लाय’ आणि ‘चुओ श्या’. चमच्यातल्या च सकट.

‘त्याला सांग,’ ती म्हणाली, ‘त्या चुओ श्यावर जरा जास्त वेळ थांबत जा म्हणून.’